पिशवी एक, जिन्नस अनेक

बाजारांतून आणलेली पिशवी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि घरांतील वडील माणसानें विचारलें, "काय रे, किती जिन्नस आणलेस?" तर "एक" असें उत्तर कोणताहि शहाणा मुलगा देणार नाहीं. पिशवी एक असली तरी विचारणाराचा रोख पिशवीवर नसून तिच्यांतील गूळ, शेंगदाणे, साबण आणि काड्यांची पेटी यांवर आहे, हें त्याला सांगावें लागत नाहीं. उलट, रिक्षावाल्यानें "ओझीं किती?" म्हणून विचारलें तर तोच मुलगा "एक" असें सांगतो, आणि तेंहि बरोबरच असतें. एकच वस्तु एका प्रश्नाला एक ठरते आणि दुसऱ्या प्रश्नाला चार. आणि हा भेद माणूस बोलणाराचा हेतु ओळखून करतो. संगणकाला हेतु ओळखतां येत नाहीं. त्याच्या हातीं पिशवी दिली तर तो पिशवीच घेतो, आणि "किती?" या प्रश्नाला शांतपणें "एक" असें उत्तर देऊन मोकळा होतो. प्रोग्राम लिहावयास नुकतींच शिकूं लागलेलीं मुलें जिच्यापायीं एखादी संध्याकाळ घालवितात, आणि या धंद्यांत मुरलेले लोकहि जिच्यामुळें क्वचित् फार मोठें नुकसान करून बसले आहेत, ती अडचण हीच.

अडचणीचें स्वरूप ध्यानांत येण्यासाठीं दोन शब्दांची ओळख करून घ्यावी लागेल. पाकशास्त्राच्या पुस्तकांत 'पुरण' या मथळ्याखालीं सगळी कृति एकदां लिहिलेली असते, आणि पुढें कोठेंहि नुसतें "पुरण करून घ्यावें" असें म्हटलें कीं काम भागतें. प्रोग्राममध्यें अशा नांव देऊन ठेवलेल्या कृतीला फंक्शन म्हणतात. त्या कृतीला दर वेळीं जें साहित्य पुरवावें लागतें तें तिचें आर्ग्युमेंट. बहुतेक फंक्शनांना किती आर्ग्युमेंटें लागतात हें आधींच ठरलेलें असतें. आयताचें क्षेत्रफळ काढणाऱ्या फंक्शनाला लांबी आणि रुंदी अशीं दोनच हवींत. तिसरें दिलें तर तें नको म्हणतें, एकच दिलें तर अडून बसतें. परंतु कांहीं कामें अशीं आहेत कीं तेथें संख्या आधीं ठरवणें हाच वेडेपणा होईल. बेरीज दोन रकमांची असते, तशीच दोनशेंचीहि असते. अशा कामांसाठीं 'वाटेल तितकीं आर्ग्युमेंटें घेणारीं' फंक्शनें लिहिण्याची सोय बहुतेक भाषांतून केलेली आहे.

या सोयीचा उपयोग हातानें लिहून पाहतांना मोठा गोड वाटतो. बेरीज(१२०, ४५, ८०) असें लिहिलें कीं २४५ असें उत्तर येतें. पण व्यवहारांत रकमा अशा सुट्या कधींच हातीं येत नाहींत. त्या महिन्याच्या हिशेबाच्या वहींतून, बँकेच्या उताऱ्यांतून किंवा कचेरींतील एखाद्या तक्त्यांतून येतात, आणि येतात त्या एका यादींत बांधलेल्या. त्या यादीला 'खर्च' असें नांव दिलेलें असतें. तिच्यांत आज तीन रकमा असतील, उद्यां तीसहि असतील. आतां बेरीज करणारें फंक्शन सुटे जिन्नस मागतें आणि लिहिणाराच्या हातांत तर बांधलेली पिशवी आहे. येथें काय करावें, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न पायथन या भाषेंत सर्वांत स्वच्छ दिसतो. गिदो व्हान रॉसम यांनीं ॲम्स्टरडॅम येथें ही भाषा रचली व १९९१ सालीं लोकांपुढें ठेवली. आज प्रोग्रामिंगचा श्रीगणेशा पुष्कळ ठिकाणीं तिच्यानेंच होतो. २००८ सालीं आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून फंक्शनांना आणि याद्यांना देवनागरी नांवेंहि देतां येतात, त्यामुळें येथें दिलेलीं उदाहरणें केवळ समजुतीसाठीं मराठींत घातलेलीं नाहींत. बेरीज, खर्च हीं नांवें संगणक तशींच्या तशीं स्वीकारतो. आंकडे तेवढे इंग्रजी वळणाचे लिहावे लागतात.

पायथनमध्यें 'बेरीज' हें फंक्शन लिहितांना कंसांत '*रकमा' असें लिहितात. नांवापुढची ही तारका म्हणते, "जितकीं आर्ग्युमेंटें येतील तितकीं गोळा करून 'रकमा' नांवाच्या एका गांठोड्यांत बांधा." मग फंक्शन तें गांठोडें उघडून एकेक रक्कम शून्यांत मिळवीत जातें. आतां खर्चाची यादी जशीच्या तशी दिली, म्हणजे बेरीज(खर्च) असें लिहिलें, तर काय होतें? गोळा करण्याच्या नियमाप्रमाणें आलेलें आर्ग्युमेंट एकच, म्हणून गांठोड्यांत वस्तु एकच. आणि ती वस्तु म्हणजे संपूर्ण यादी. पिशवी पिशवींत गेली! फंक्शन पहिला जिन्नस म्हणून यादीच उचलतें, ती शून्यांत मिळवूं पाहतें, आणि आंकड्यांत यादी मिळवतां येत नाहीं अशी तक्रार करून थांबतें.

यावरचा उपाय अगदीं लहान आहे. बेरीज(*खर्च) असें लिहावयाचें. बोलावण्याच्या जागीं घातलेली ही तारका सांगते, "ही पिशवी येथेंच उघडा आणि आंतील जिन्नस एकेक करून द्या." तीन रकमांची यादी असेल तर फंक्शनाला तीन आर्ग्युमेंटें मिळतात, तीस असतील तर तीस. शिकणारांचा गोंधळ होतो तो पुष्कळदां येथेंच. कारण तारका एकच, पण फंक्शन लिहितांना ती बांधते आणि फंक्शन बोलावतांना ती सोडते. एकाच चिन्हाला दोन उलट कामें सांगितलीं हें कित्येकांना खटकतें. तरी जरा विचार केला तर त्यांत एक प्रकारची टापटीप आहे असेंच म्हणावें लागेल: मुलाच्या घरीं पाठवावयाच्या डब्याला इकडे झांकण लावावयाचें आणि तिकडे तेंच झांकण काढावयाचें.

बेरजेचें फंक्शन चूक होतांच ओरडलें, हें खरें पाहतां नशीब म्हणावयाचें. प्रत्येक फंक्शन असें ओरडत नाहीं. 'आलेलीं आर्ग्युमेंटें मोजून सांग' एवढेंच काम करणारें 'किती' नांवाचें फंक्शन घ्या. किती(खर्च) असें विचारलें तर तें विनातक्रार १ असें सांगतें. यादींत तीन रकमा असोत वा तीनशें, उत्तर १ च. आणि यादी सर्वस्वीं रिकामी असली तरीहि १. कारण रिकामी पिशवी हीहि एक पिशवीच. आतां असें समजा कीं एखाद्या रक्तपेढीच्या प्रोग्राममध्यें, विशिष्ट गटाच्या रक्ताची एकहि बाटली उरली नाहीं तर धोक्याची सूचना द्यावी, अशी योजना आहे, आणि मोजण्याच्या जागीं तारका राहून गेली आहे. सूचना कधींच येणार नाहीं. पडद्यावर कोठेंहि चूक दिसणार नाहीं. सगळें सुरळीत चालल्याचा भास होईल, आणि ज्या रात्रीं बाटलीची खरोखर गरज पडेल त्या रात्रीं शीतकपाट उघडल्यावरच काय तें कळेल. जी चूक बोलते ती शिक्षक असते. न बोलणारी चूक मात्र उधारीच्या व्याजासारखी गुपचूप वाढत राहते.

तारका घालण्याची संवय लागल्यावर दुसऱ्या टोंकाची चूक होऊं लागते: जेथें पिशवी उघडावयाची नाहीं तेथें ती उघडली जाते. पायथनमध्यें शब्द हाहि एका अर्थीं अक्षरांची यादीच आहे, म्हणून शब्दापुढें तारका घातली तर तोहि उघडतो. 'नाशिक' हें एक नांव द्यावयाचें असतां चुकून तारका पडली तर फंक्शनाला एकाऐवजीं पांच आर्ग्युमेंटें मिळतात: न, काना, श, वेलांटी आणि क. मराठी डोळ्याला त्या शब्दांत तीन अक्षरें दिसतात. पण संगणकाच्या सांठ्यांत काना आणि वेलांटी हींहि स्वतंत्र खुणा म्हणून ठेवलेलीं असतात, त्यामुळें पिशवी उघडतांच तींहि बाहेर सांडतात. मराठी नांवांच्या याद्यांवर काम करणारांना हा चमत्कार केव्हां ना केव्हां पाहावयास मिळतोच.

उघडण्याचा आणखी एक धोका क्रमाचा आहे. सुट्या आर्ग्युमेंटांना नांवें नसतात. पहिलें कोणतें आणि दुसरें कोणतें एवढीच त्यांची ओळख. पायथनच्या संग्रहांत तारीख तयार करणारें एक फंक्शन आहे. तें आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस असें मागतें. भारतीय रीतीनें [२६, १, १९५०] अशी यादी करून ती तारकेनें उघडून दिली, तर तें २६ हें वर्ष आणि १९५० हा दिवस समजून बसेल. येथें दिवसाचा आंकडा अशक्य असल्यानें तें थांबतें, म्हणून निभावतें. या कारणासाठीं पायथनमध्यें दोन तारकांचीहि सोय आहे. यादीऐवजीं ज्यांत प्रत्येक जिन्नसाला चिठ्ठी लावलेली आहे असा कोश, म्हणजे वर्ष: १९५०, महिना: १, दिवस: २६ असा, दोन तारका लावून दिला तर प्रत्येक जिन्नस आपल्या चिठ्ठीप्रमाणें योग्य जागीं जाऊन बसतो आणि क्रमाची चिंता राहत नाहीं. चिठ्ठीवरचीं नांवें मात्र फंक्शनानें ठरविलेलींच असावीं लागतात. या तारखेच्या फंक्शनाचीं नांवें इंग्रजी असल्यानें तेथें तरी मराठी चिठ्ठी चालत नाहीं.

सर्वांत फसवी जागा आहे ती सर्वांत मोठी संख्या शोधून देणाऱ्या पायथनच्या तयार फंक्शनाची. त्याचें नांव मॅक्स. त्याच्या कर्त्यांनीं लोकांची अडचण ओळखून त्याला दोन्ही रीती शिकविल्या आहेत: सुट्या संख्या दिल्या तर त्यांतील मोठी तें सांगतें, आणि एकच यादी दिली तर ती स्वतःच उघडून तिच्यांतील मोठी सांगतें. ही उदारता सोयीची आहे खरी. पण समजा, एखाद्यानें संवयीनें यादीला तारका लावून ती दिली. यादींत दहा संख्या असतांना सर्व ठीक चालतें, दोन असतांनाहि चालतें. ज्या दिवशीं यादींत एकच संख्या, उदाहरणार्थ नुसता ५, असतो त्या दिवशीं तारकेनें पिशवी उघडली जाऊन मॅक्सच्या हातीं एकटा ५ येतो. एकच आर्ग्युमेंट आलें म्हणजे ती यादी असली पाहिजे, असा त्याचा समज. म्हणून तें ५ लाच उघडूं पाहतें आणि बिचकून थांबतें. अकरा महिने बिनचूक चाललेला प्रोग्राम बाराव्या महिन्यांत, केवळ त्या महिन्यांत खर्चाची एकच बाब होती म्हणून, बंद पडावा यांतलें कोडें अशा वेळीं भल्याभल्यांना सुटत नाहीं. मदत करण्यासाठीं हेतु ओळखूं पाहणारें यंत्र कधीं ना कधीं चुकीचा हेतु ओळखतें.

हा प्रश्न पायथननें निर्माण केलेला नाहीं. त्याची मुळें पार १९६० सालापर्यंत जातात. त्या वर्षीं जॉन मॅकार्थी यांनीं लिस्प या भाषेचें जें विवेचन प्रसिद्ध केलें, त्यांत 'ॲप्लाय' नांवाचें एक फंक्शन केंद्रस्थानीं होतें. त्याला एका हातीं फंक्शन आणि दुसऱ्या हातीं आर्ग्युमेंटांची यादी द्यावयाची; तें त्या यादींतील जिन्नस त्या फंक्शनापुढें मांडून काम करून घेतें. लिस्पमध्यें सगळाच संसार याद्यांचा, इतका कीं प्रोग्राम स्वतःसुद्धां एक यादीच; म्हणून तेथें ही युक्ति आपोआप सुचली यांत नवल नाहीं. तीच कल्पना पुढें नांवानिशीं इतर भाषांत उतरली. पायथनमध्येंहि पूर्वीं ॲप्लाय होतें. २००० सालच्या आवृत्तींपासून बोलावतांना तारका वापरण्याची सोय झाली, आणि २००८ सालीं ॲप्लायला रजा देण्यांत आली. ब्राउझरांतून चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेंत १९९९ च्या प्रमाणित आवृत्तींत ॲप्लाय होतें, आणि २०१५ सालीं तेथें तारकेऐवजीं तीन टिंबांची खूण आली. त्याच वर्षीं पायथननेंहि एका बोलावण्यांत अनेक तारका घालण्यास मोकळीक दिली, म्हणजे दोन-तीन पिशव्या एकदम उघडून त्यांच्या मध्येंमध्यें सुटे जिन्नसहि ठेवतां येऊं लागले.

सी या भाषेची कथा वेगळी, आणि थोडी भयंकरहि आहे. डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमध्यें १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ती रचली, आणि आजहि संगणकांच्या पायाखालचे बहुतेक दगड तिचेच आहेत. तिच्यांत वाटेल तितकीं आर्ग्युमेंटें घेणारें सर्वांत प्रसिद्ध फंक्शन म्हणजे मजकूर छापून देणारें प्रिंटएफ. पण सी भाषेंत फंक्शनाला किती आर्ग्युमेंटें आलीं हें कोणीहि सांगत नाहीं. प्रिंटएफला पहिलें आर्ग्युमेंट म्हणून एक मसुदा मिळतो. त्यांत जेथें जेथें टक्क्याची खूण असेल तेथें तेथें पुढचें एक आर्ग्युमेंट उचलून घालावयाचें, एवढेंच त्याला ठाऊक. पंगतींत पानें अठराच मांडलीं आहेत, पण वाढप्याच्या चिठ्ठींत वीस लिहिलें आहे, आणि वाढपी मान वर न करतां चिठ्ठीप्रमाणेंच चालतो, अशी ही तऱ्हा. एकोणिसाव्या आणि विसाव्या पानाच्या जागीं तो जमिनीवरच आमटी वाढणार! प्रिंटएफहि आर्ग्युमेंटें संपल्यावर स्मृतींत पुढें जें कांहीं पडलेलें असेल तेंच उचलून छापतें.

यांत आणखी एक उणीव आहे. सी मध्यें तारकेसारखी पिशवी उघडण्याची खूणच नाहीं. चालत्या प्रोग्राममध्यें तयार झालेली यादी प्रिंटएफपुढें सुटी करून मांडतां येत नाहीं. म्हणून तेथें जोडफंक्शनें करण्याची चाल पडली: एक सुटे जिन्नस घेणारें आणि दुसरें बांधलेलें घेणारें. प्रिंटएफच्या जोडीला व्हीप्रिंटएफ आहे. आलेल्या आर्ग्युमेंटांचें गांठोडें न सोडतां तसेंच पुढें धाडावयाचें असेल तर तें वापरावयाचें. दुसरा प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनांतहि एक्झेकएल सुटीं आर्ग्युमेंटें घेतें आणि एक्झेकव्ही त्यांची ओळ घेतें. दोन दारें वेगळीं असल्यानें निदान घोटाळा तरी होत नाहीं.

परंतु न मोजणाऱ्या वाढप्याची किंमत जगाला मोजावी लागलीच. परक्या माणसानें पाठविलेला मजकूर छापावयाचा असतां तोच मजकूर प्रिंटएफला मसुदा म्हणून देण्याची आळशी रीत पुष्कळ प्रोग्रामांत शिरलेली होती. साध्या मजकुरानें कांहीं बिघडत नसे. पण पाठविणारानें मुद्दाम टक्क्याच्या खुणा भरून पाठविल्या, तर प्रिंटएफ न दिलेलीं आर्ग्युमेंटें शोधीत संगणकाची स्मृति उघडी करून दाखवूं लागे. आणि त्या खुणांपैकीं एक तर अशी आहे कीं ती छापण्याऐवजीं स्मृतींत आंकडा लिहून ठेवते. २००० सालीं फायली पाठविण्या-घेण्याच्या वू-एफटीपीडी या फार प्रचारांतील प्रोग्राममध्यें हेंच छिद्र सांपडलें, आणि त्यांतून परकीयांना यंत्राचा पूर्ण ताबा मिळवितां येत होता असें उघडकीस आलें. त्यानंतर अशीं छिद्रें एकामागून एक निघत गेलीं. उपाय एका ओळीचा होता: मसुदा आपला ठेवावा, आणि परक्याचा मजकूर त्यांत घालावयाचें आर्ग्युमेंट म्हणून द्यावा.

जावा भाषेंत ही सोय २००४ सालीं आली. तेथें उघडण्याची खूण नाहीं. शब्द मागणाऱ्या फंक्शनाला शब्दांची ओळ दिली तर भाषा ती आपण होऊन सुट्या शब्दांप्रमाणें मानते. पण वाटेल त्या वस्तु घेऊन त्यांची यादी बनविणाऱ्या तेथील तयार फंक्शनाला पूर्णांकांची ओळ दिली, तर पूर्णांक हे जावाच्या मतें 'वस्तु' नसल्यामुळें ती ओळ उघडत नाहीं; आणि शंभर आंकडे देऊन एका जिन्नसाची यादी हातीं येते. एकीकडे उघडावें आणि दुसरीकडे उघडूं नये, असा हा कारभार. त्याचें समर्थन व्याकरणानें करतां येतें, पण त्यानें कोणाचें समाधान होत असेल असें वाटत नाहीं.

या सर्वांत नुकसानीच्या दृष्टीनें थोरली जागा मात्र युनिक्सच्या शेलची आहे. शेल म्हणजे संगणकाला टंकून आज्ञा देण्याची भाषा. तींतहि तारका आहे, आणि ती एकटी लिहिली कीं "या कप्प्यांतील सगळ्या फायलींचीं नांवें येथें सुटीं करून मांडा" असा तिचा अर्थ होतो. येथें सुट्या आर्ग्युमेंटांमध्यें भिंत असते ती नुसत्या मोकळ्या जागेची. त्यामुळें एखाद्या नांवांतच मोकळी जागा असली, आणि तें नांव चलांत ठेवून अवतरणचिन्हांवांचून वापरलें, तर शेल त्या एका नांवाचीं दोन आर्ग्युमेंटें करतें. येथें पिशवी उघडण्याची खूण कोणी केलेली नसते. ती आपोआप फाटते.

२००१ सालच्या नोव्हेंबरांत ॲपल कंपनीनें आयट्यून्स या आपल्या संगीताच्या प्रोग्रामची दुसरी आवृत्ति काढली. ती बसविण्यापूर्वीं जुनी आवृत्ति पुसून टाकण्याची आज्ञा तिच्याबरोबरच्या शेलच्या मसुद्यांत होती, आणि त्या आज्ञेंत डिस्कचें नांव अवतरणचिन्हांत घातलेलें नव्हतें. ज्यांच्या डिस्कच्या नांवांत मोकळी जागा नव्हती त्यांना कांहीं कळलेंहि नाहीं. परंतु एका घरीं 'गाणीं' आणि 'गाणीं जुनीं' अशा नांवांच्या दोन डिस्का आहेत असें समजा. 'गाणीं जुनीं' या डिस्कवरील एक जुना प्रोग्राम पुसावयाचा असतां आज्ञेचे दोन तुकडे पडतात. पहिल्या तुकड्याचा अर्थ होतो 'गाणीं' ही संपूर्ण डिस्क, आणि पुसणारी आज्ञा कांहीं न विचारतां तीच साफ करते. अशा रीतीनें कित्येकांच्या डिस्का रिकाम्या झाल्या. कंपनीनें ती आवृत्ति तातडीनें मागें घेऊन सुधारलेली दुसरी दिली. पण ज्यांच्याजवळ दुसरी प्रत नव्हती त्यांचे कागदपत्र आणि छायाचित्रें त्यामुळें परत आलीं नाहींत. दोन लहान अवतरणचिन्हांची ही किंमत.

शेलच्या कर्त्यांना हा धोका ठाऊक नव्हता असें नाहीं. मसुद्याला मिळालेलीं सगळीं आर्ग्युमेंटें जशींच्या तशीं पुढच्या आज्ञेला द्यावयाचीं असतील तर डॉलरचें चिन्ह आणि ॲटचें चिन्ह अवतरणांत मिळून लिहावें, म्हणजे "$@", असा नियम त्यांनीं घालून दिला आहे. त्यानें तीन आर्ग्युमेंटें तीनच राहतात, त्यांच्या पोटांत कितीहि मोकळ्या जागा असोत. ॲटऐवजीं तारका घातली तर तिन्ही एकत्र शिवून एकच लांब आर्ग्युमेंट होतें. अवतरणचिन्हें गाळलीं तर दोन्ही रूपांत नांवें फाटतात. एका चिन्हाच्या फरकानें पिशवी सुटते, शिवली जाते किंवा फाटते; हे प्रकार पाठ केल्यावांचून शेलमध्यें फायली पुसण्याचे मसुदे लिहूं नयेत हें बरें.

शिवाय पिशवी फार मोठी असली तरी अडचण आहेच. एका आज्ञेला किती लांबीचीं आर्ग्युमेंटें देतां येतील यावर युनिक्समध्यें मर्यादा असते. कप्प्यांत लक्षावधि फायली असतील तर "आर्ग्युमेंटांची यादी फार लांब झाली" असें उत्तर मिळतें, आणि मग एक्झार्ग्स नांवाच्या मदतनीसाकडून त्या यादीचे बेताबेताचे भाग पाडून आज्ञा पुनःपुन्हां चालवावी लागते. सफारी ब्राउझरांतील जावास्क्रिप्टच्या इंजिनांत एका बोलावण्यांत ६५,५३६ आर्ग्युमेंटांची हद्द बांधून दिलेली आहे. रिकाम्या पिशवीचेंहि असेंच आहे. फायलींत शब्द शोधणाऱ्या ग्रेप या आज्ञेपुढें एकहि फाइल आली नाहीं तर ती चूक मानीत नाहीं; टंकणारा कांहीं लिहील म्हणून ती कळफलकाकडे पाहत स्वस्थ बसते, आणि पाहणाराला वाटतें कीं संगणक अडकला.

या सगळ्यावरून अनुभवी लोक फंक्शन लिहितांनाच एक विचार करतात. जें साहित्य हातानें, दोनचार जिन्नसांपुरतें लिहून द्यावयाचें असतें तेथें सुटीं आर्ग्युमेंटें घेणारें फंक्शन शोभतें; छापण्याचें काम हें त्याचें उत्तम उदाहरण. जें साहित्य बहुधा यादींतूनच येणार, तेथें फंक्शनानें सरळ एकच यादी मागावी हें अधिक सुरक्षित, कारण तेथें तारका विसरण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. पायथनचें बेरीज करणारें स्वतःचें तयार फंक्शन, ज्याचें नांव सम, तें याच जातीचें आहे. सुट्या संख्या तें घेतच नाहीं, त्याला यादीच लागते. शिकाऊ मुलें त्याला १२०, ४५, ८० अशा रकमा सुट्या देतात, तक्रार ऐकतात, आणि मग त्याच रकमांभोंवतीं चौकटी कंस घालून देतात.